एकांडा शिलेदार आणि डब्ल्यूडब्ल्यूडीसी : जून ते सप्टेंबर कसं निभवायचं?

अर्धा_सेमिकोलन (धागाकर्ता)

ॲपलची डेव्हलपर परिषद, डब्ल्यूडब्ल्यूडीसी, दर जूनमध्ये होते. मोठ्या कंपनीत एक जण व्हिडिओ बघतो, दुसरा बीटा (नव्या प्रणालीची कच्ची, चाचणीची आवृत्ती) टाकतो, तिसरा सप्टेंबरची, म्हणजे ती प्रणाली सर्वांना मिळते तेव्हाची, यादी करतो. एकट्याने ॲप चालवणाऱ्याला हे सगळं क्लायंटची कामं सांभाळून एकाच खुर्चीत बसून करायचं असतं. मराठीत याबद्दल एके ठिकाणी काही सापडत नाही, म्हणून धागा काढतोय. जाणकारांनी भर घालावी. किस्से नकोत, उपयोगी तपशील हवेत.

माझं मत आधीच सांगतो. परिषदेचा आठवडा हा या सगळ्यातला सगळ्यात हलका भाग. नुकसान होतं ते पहिल्या दोन दिवसांतल्या घाईने, आणि फायदा होतो तो जुलैत मान खाली घालून केलेल्या कामाने.

वेळेपासून सुरुवात. कीनोट म्हणजे उद्घाटनाचं भाषण, कॅलिफोर्नियातल्या सोमवारी सकाळी १० वाजता, म्हणजे आपल्याकडे त्याच रात्री साडेदहाला. ‘प्लॅटफॉर्म्स स्टेट ऑफ द युनियन’ त्यांच्या दुपारी १ वाजता, आपल्या मध्यरात्रीनंतर दीड वाजता. कीनोट गिऱ्हाइकांसाठी आणि पत्रकारांसाठी असते. आपल्या कामाचं जे काही असतं ते दीडच्या भाषणात. दोन्हींसाठी जागू नका. झोपा आणि सकाळी चहाबरोबर दुसरं तेवढं बघा.

त्यानंतर व्हिडिओंवर तुटून पडण्याआधी रिलीज नोट्स वाचा. आधी एक्सकोडच्या (ॲप बांधायचं ॲपलचं साधन), मग आयओएसच्या. त्यातही ‘नोन इश्यूज’ (माहीत असलेले दोष) आणि ‘डेप्रिकेशन्स’ (पुढे काढल्या जाणाऱ्या गोष्टी) हे दोन भाग शब्दन्‌शब्द. तासाभराचं काम आहे, पण पुढचे दोन दिवस ‘माझाच कोड चुकतोय का’ म्हणून डोकं आपटणं वाचतं. सत्रं शंभराच्या आसपास असतात. स्विफ्ट, स्विफ्टयूआय आणि यूआयकिट यांची ‘नवीन काय’ ही सत्रं पूर्ण बघायची, बाकीच्यांची लिखित प्रत उघडून आपण वापरतो त्या फ्रेमवर्कचं नाव शोधायचं. नाव सापडलं तरच व्हिडिओ.

चर्चेला विषय : बीटा कुठे टाकायचा, तिकडे प्रत्यक्ष जाण्यात अर्थ आहे का, बग कसा कळवायचा, आणि सप्टेंबरात फजिती कशी टाळायची.


बिल्ड_फेल

बीटाबद्दल लिहितो, कारण पहिल्या रात्रीचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो.

मॅक : रोजच्या मॅकवर मॅकओएसचा बीटा टाकायची बहुतेकांना गरजच नसते. नवा एक्सकोड बीटा सहसा चालू मॅकओएसवरच चालतो, फक्त त्याची अलीकडची आवृत्ती लागते (एक्सकोड १६ ला मॅकओएस सोनोमा १४.५ लागत होतं). म्हणजे ॲप आयफोनचंच असेल तर मॅकला हात लावू नका. मॅकचं ॲप असेल तर डिस्क युटिलिटीतून त्याच एपीएफएस कंटेनरमध्ये नवा व्हॉल्यूम जोडा आणि बीटा तिथे टाका. पार्टिशन नको, व्हॉल्यूमच. व्हॉल्यूम मोकळी जागा वाटून घेतात, आधीपासून आकार ठरवावा लागत नाही आणि सप्टेंबरात एका क्लिकमध्ये काढता येतो. ॲपल सिलिकॉन मॅकवर पॉवर बटण दाबून धरलं की कुठल्या व्हॉल्यूमवरून सुरू करायचं ते विचारतो. एवढंही नको असेल तर यूटीएमसारख्या ॲपमध्ये व्हर्च्युअल मशीन. मॅकओएस सिक्वोयापासून त्यात आयक्लाउडचं लॉगिनही चालतं, मात्र यजमान आणि पाहुणा दोन्ही सिक्वोया किंवा पुढचे हवेत.

जागा : एक्सकोडची झिप तीनेक जीबीची असली तरी उलगडल्यावर ती कितीतरी फुगते, शिवाय प्रत्येक सिम्युलेटर रनटाइमचे (मॅकवर नकली फोन चालवायला लागणाऱ्या आयओएसचे) सात-आठ जीबी. दोन एक्सकोड आणि दोन-तीन रनटाइम एकत्र नांदायचे तर ८० ते १०० जीबी मोकळे ठेवा. २५६ जीबीच्या मॅकवाल्यांनी आधी ‘डिराइव्हड डेटा’ फोल्डर उडवावा आणि एक्सकोडच्या सेटिंग्जमधून जुने रनटाइम काढावेत.

दोन एक्सकोड शेजारी शेजारी सुखाने राहतात. फक्त टर्मिनलमधल्या आज्ञा कुठल्या एक्सकोडकडे जातात ते ‘एक्सकोड-सिलेक्ट’ ठरवतं. बीटाकडे वळवून परत आणायला विसरलं की स्टोअरला पाठवायचा बिल्ड बीटाने बनतो आणि अपलोड केल्यावर नाकारला जातो. कायमचं वळवण्यापेक्षा त्या एका टर्मिनल खिडकीपुरता ‘डेव्हलपर-डिर’ हा व्हेरिएबल द्या. खिडकी बंद, विषय बंद.

आणि बीटामध्ये प्रोजेक्ट उघडला की ‘अपडेट टु रेकमेंडेड सेटिंग्ज’ विचारतो. ते दाबण्याआधी कमिट करा (कोडची नोंद ठेवा) आणि वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या स्वतंत्र फाट्यावर) जा. मुख्य ब्रँच सप्टेंबरपर्यंत जुन्या एक्सकोडचीच राहू द्या. मधेच क्रॅश निघाला तर दुरुस्ती तिथूनच जाणार आहे.


बिल्ड_फेल

वरच्यात फोन राहिला. २०२३ पासून डेव्हलपर बीटा फुकट मिळतो, ९९ डॉलरचं सभासदत्व लागत नाही. सेटिंग्जमध्ये सॉफ्टवेअर अपडेटखाली ‘बीटा अपडेट्स’ दिसतं. म्हणूनच मोह जास्त.

नियम एकच : ज्या फोनवर ओटीपी येतात आणि ज्यावर बँकेचं ॲप आणि यूपीआय आहे त्यावर जूनमध्ये बीटा नाही. जुना, दुसऱ्या हाताचा फोन घ्या, फक्त तो नवीन आयओएसच्या यादीत बसतो का ते बघून.

तरीही टाकायचाच असेल तर आधी मॅकला जोडून फाइंडरमधून पासवर्डसह बॅकअप घ्या आणि ‘मॅनेज बॅकअप्स’मध्ये त्या बॅकअपवर उजवी क्लिक करून ‘आर्काइव्ह’ करा. ही एक क्लिक का महत्त्वाची? बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या आयओएसवर परत टाकता येत नाही, आणि आर्काइव्ह केला नाही तर पुढचा बॅकअप याच्यावरच लिहिला जातो. मग परतीचा रस्ता उरतो तो कोऱ्या फोनाचा.


नुकताच_आलोय

घड्याळावर टाकला तर? वॉच ॲप आहे, सिम्युलेटरमध्ये हृदयाचे ठोके खरे मिळत नाहीत.


बिल्ड_फेल

घड्याळाला परतीचं तिकीट नाही. वॉचओएसचा बीटा टाकला की तुम्हाला घरच्या घरी मागे जाता येत नाही. शिवाय त्याला जोडलेला आयफोनही नव्या बीटावर लागतो, म्हणजे एका दगडात दोन्ही उपकरणं अडकली. हातातल्या एकमेव घड्याळावर टाकू नका, चौथ्या-पाचव्या बीटापर्यंत थांबा.


सांताक्लारा_काकू

प्रत्यक्ष येण्याबद्दल. आधी थोडा इतिहास, कारण अजूनही लोक जुन्या समजुतीने विचारतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉस्कोनी वेस्टमध्ये परिषद होत असे तेव्हा तिकीट १५९९ डॉलरचं होतं, आणि २०१३ मध्ये ती तिकिटं दोनेक मिनिटांत संपली. म्हणून २०१४ पासून सोडत आली. २०१७ ते २०१९ सॅन होजे. २०२० पासून सगळं ऑनलाइन आणि फुकट. २०२२ पासून क्युपर्टिनोतल्या ॲपल पार्कमध्ये एका दिवसाचा प्रत्यक्ष कार्यक्रम असतो. त्याला पैसे नाहीत, सोडत मात्र आहे. प्रवास-मुक्काम ज्याचा त्याने.

आता गणित बघा. तारखा मार्चअखेरीस जाहीर होतात (२०२३ ला २९ मार्च, २०२४ ला २६, २०२५ ला २५). अर्जाला थोडेच दिवस. सोडतीचा निकाल आल्यावर जूनपर्यंत हातात दोन महिने. मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात पहिल्यांदा बी-१/बी-२ (कामानिमित्त भेट/पर्यटन) व्हिसा काढणाऱ्याला मुलाखतीची तारीख त्या दोन महिन्यांत मिळणं अवघड. म्हणजे खरा निर्णय सोडतीच्या आधीच्या वर्षी घ्यायचा असतो : व्हिसा आधी, सोडत नंतर. व्हिसाची फी १८५ डॉलर आहे आणि नकार आला तरी परत मिळत नाही. परिषदेला हजर राहणं बी-१ मध्ये बसतं. तिथे बसून अमेरिकन क्लायंटचं काम करणं बसत नाही. मुलाखतीत हा फरक नीट सांगता आला पाहिजे.

राहायला क्युपर्टिनो महाग. सनीव्हेल किंवा सांता क्लारामध्ये एल कामिनो रियलवर मोटेल बघा, जेवणाचीही सोय त्याच रस्त्यावर आहे. बे एरियात आपल्यापैकी प्रत्येकाचा एखादा मावसभाऊ असतोच, पण तो फ्रीमॉंटला असेल तर सकाळच्या वाहतुकीत खाडीपलीकडून येण्याचा वेळ धरून चाला. सॅन फ्रान्सिस्को विमानतळावरून बार्टने मिलब्रे, तिथून कॅलट्रेनने सनीव्हेल. पुढे मात्र गाडी लागतेच, ॲपल पार्कच्या दाराशी कुठलीही आगगाडी जात नाही.

कीनोट बघायला उघड्यावर बसवतात. सगळ्या खुर्च्या सावलीत नसतात. पहाटे गारठा, दहा वाजता ऊन. जॅकेट, टोपी आणि सनस्क्रीन तिन्ही लागतात.


ताक_आणि_टेस्टफ्लाइट

काकू, माहिती उत्तम, पण निष्कर्षाशी असहमत. म्हणजे निष्कर्ष तुम्ही लिहिला नाहीत, पण लोक काढतील. पुण्याहून जाऊन येऊन भाडं, पाच रात्री, खाणंपिणं धरलं तर त्या पैशांत दुसरा मॅक आणि दोन टेस्ट फोन येतात. आणि तिथे पडद्यावर दिसतो तो बहुतांशी आधीच चित्रित केलेला व्हिडिओ, जो घरीही तसाच दिसतो. एकांड्या माणसाला पहिल्या वर्षी तरी हा खर्च परवडत नाही. बंगळुरूला ॲपलचं डेव्हलपर सेंटर आहे, तिथल्या सत्रांची नोंदणी डेव्हलपर साइटवर निघते. रात्रीच्या बसने जाऊन येता येतं.


सांताक्लारा_काकू

मान्य. व्हिडिओ बघायला कुणी येऊ नये. यायचं ते माणसांसाठी. त्या आठवड्यात क्युपर्टिनो आणि सॅन होजेमध्ये परिषदेबाहेर जी मंडळी जमतात त्यांना ॲपलचं आमंत्रण लागत नाही. पूर्वी ऑल्टकॉन्फ असायची, अलीकडे कम्युनिटीकिटसारखे मेळावे. पण व्हिसा आणि भाडं लागतंच, त्यामुळे ‘सोडत नाही लागली तरी जाईन’ असं ज्याचं उत्तर असेल त्यानेच जावं.


रडार_जोशी

बग कळवणे, म्हणजे ॲपलच्या ‘फीडबॅक असिस्टंट’मधून तक्रार पाठवणे. सगळे म्हणतात ‘ॲपल उत्तर देत नाही’. बऱ्याचदा खरं आहे. पण ज्या तक्रारी वाचल्या जातात त्यांचा साचा ठरलेला आहे.

एका तक्रारीत एकच बग. शीर्षकात फ्रेमवर्कचं नाव, काय केलं आणि काय झालं : ‘स्विफ्टयूआय लिस्ट : शोधपट्टी उघडी असताना ओळ खोडल्यास क्रॅश’. ‘लिस्ट चालत नाही’ असं नको. मग पायऱ्या, अपेक्षित काय, घडलं काय, बीटाचा बिल्ड क्रमांक, उपकरण. आणि सोबत जोडलेला लहानात लहान प्रोजेक्ट. आपलं अख्खं ॲप नाही. नव्या कोऱ्या प्रोजेक्टात तीस-चाळीस ओळींत बग उभा करायचा. हे करताना निम्म्या वेळा आपलीच चूक सापडते, तोही फायदाच.

फोनवरचा बग असेल तर सिसडायग्नोज (फोनच्या अंतर्गत नोंदींची फाइल) जोडा : आवाजाची दोन्ही बटणं आणि बाजूचं बटण एकदम दाबून सेकंद-दीड सेकंदात सोडायची, फोन थरथरतो. जास्त वेळ धरलं तर फोन बंद करायचा पडदा येतो, तिथेच बहुतेकांचं चुकतं. फाइल तयार व्हायला दहा मिनिटांपर्यंत लागतात. ती सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, ॲनालिटिक्स, ॲनालिटिक्स डेटा इथे मिळते. बग घडल्यावर लगेच घ्या. दुपारचा बग आणि रात्रीची नोंद याला अर्थ नाही, मधल्या नोंदी पुसल्या जातात.

कधी पाठवायचं : पहिल्या तीन बीटांत. बीटा साधारण दर दोन आठवड्यांनी येतात. ऑगस्टमध्ये एपीआयची रचना बदलून घेणं जवळपास अशक्य असतं, तेव्हा फक्त क्रॅश दुरुस्त होतात. आणि तुमचा एफबी क्रमांक (तक्रारीला मिळणारा नोंदणी क्रमांक) डेव्हलपर फोरमवरच्या प्रश्नात लिहा. तिथे ॲपलचे अभियंते उत्तरं देतात, आणि क्रमांक असला की त्यांना आतली नोंद उघडता येते.

लॅबबद्दल (ॲपलच्या अभियंत्यांशी ऑनलाइन भेटी) : २०२० पासून काही वर्षं एकास एक भेटी मिळत, २०२५ ला सामूहिक लॅब होत्या. तिकडचा दिवस म्हणजे आपली रात्र. प्रश्न आधी लिहून ठेवा, त्यात एफबी क्रमांक घाला.


अर्धा_सेमिकोलन

रडारराव, दंडवत. वाचनखूण साठवली.


कोकणी_कंपायलर

नव्या-जुन्या एसडीकेबद्दल (एक्सकोडबरोबर येणारा, ॲप बांधायचा संच), कारण २०२५ ला लिक्विड ग्लास या काचेसारख्या नव्या रूपामुळे पुष्कळ जण यात अडकले.

ॲप जुन्या एक्सकोडने बांधलेलं असेल तर आयओएस २६ वरही ते जुन्याच रूपात दिसतं. रूप बदलतं ते एक्सकोड २६ ने बांधल्यावर. त्यामुळे ‘सप्टेंबरात सगळं ॲप काचेचं दिसेल’ ही भीती निराधार होती. इन्फो-पीलिस्टमध्ये ‘यूआय-डिझाइन-रिक्वायर्स-कम्पॅटिबिलिटी’ ही की टाकून नव्या एक्सकोडनेही जुनं रूप ठेवता येत होतं, पण ही सवलत तात्पुरती आहे हे ॲपलने तेव्हाच सांगितलं होतं. तिच्या भरवशावर दोन वर्षं काढायची नाहीत. दुसरं टोक, एसडीकेची सक्ती : २०२४ ला एप्रिलअखेरीस एक्सकोड १५ आणि २०२५ ला एप्रिलअखेरीस एक्सकोड १६ बंधनकारक झाला. म्हणजे जूनपासून दहा महिने मिळतात. सप्टेंबर ही बाजाराची मुदत, एप्रिल ही कायद्याची.

आता कोडातला सापळा. ‘अव्हेलेबल आयओएस २६’ ही अट ॲप चालताना तपासली जाते. मुख्य ब्रँच जुन्या एक्सकोडने बांधायची असेल तर ती पुरत नाही, कारण जुन्या एसडीकेत ते नवीन फंक्शनच नसतं, कंपाइल होणार नाही. तिथे कंपायलरची अट लागते : एक्सकोड २६ मध्ये स्विफ्ट ६.२ आहे, तर ‘कंपायलर किमान ६.२’. इथे बरेच जण ‘कंपायलर’ऐवजी ‘स्विफ्ट’ हा शब्द घालतात. ती अट कंपायलरची आवृत्ती बघत नाही, तुमच्या टार्गेटचा भाषा-मोड बघते. प्रोजेक्ट स्विफ्ट ५ मोडमध्ये असेल तर नव्या एक्सकोडमध्येही तो भाग गुपचूप वगळला जातो. एरर नाही, इशारा नाही. काच का दिसत नाही म्हणून दिवस जातो.

रूपाचं काम करताना आधी काढायला शिका. टूलबार आणि नेव्हिगेशन बारला दिलेले स्वतःचे पार्श्वरंग काढून बघा, निम्म्या अडचणी तिथेच मिटतात. मग ‘रिड्यूस ट्रान्स्परन्सी’ आणि ‘इन्क्रीझ कॉन्ट्रास्ट’ चालू करून प्रत्येक पडदा पुन्हा.


आदिती_ळ

मराठी ॲपवाल्यांसाठी दोन गोष्टी, कारण या कुठल्याच सत्रात सांगत नाहीत.

पहिली : आकडे. मराठी लोकेलचे (भाषा-प्रदेशाच्या मांडणीचे) मूळ अंक देवनागरी आहेत, हिंदीचे तसे नाहीत. त्यामुळे हिंदीत चाचणी करून समाधान मानू नका. सर्व्हरला तारीख पाठवण्यासाठी डेटफॉर्मॅटरला वर्ष-महिना-दिवस असा साचा दिला आणि लोकेल दिलं नाही, तर मराठीत लावलेल्या फोनवरून ‘२०२५-०६-०९’ ही तारीख देवनागरी अंकांत जाते आणि सर्व्हर ती नाकारतो. मुंबईतल्या एका गिऱ्हाइकाकडे ‘सिंक होत नाही’, बाकी जगात सगळं छान. उपाय : सर्व्हरशी बोलणाऱ्या फॉर्मॅटरला ‘ईएन-यूएस-पॉझिक्स’ हे लोकेल सक्तीने द्या. माणसाला दाखवायच्या तारखेला देऊ नका.

याचंच भावंड : स्विफ्टयूआयच्या टेक्स्टमध्ये वर्षाचा पूर्णांक थेट घातला तर पडद्यावर ‘२,०२५’ येतं, स्वल्पविरामासकट. वर्ष, खाते क्रमांक, पिनकोड यांना ‘व्हर्बाटिम’ वापरा किंवा गट पाडणं बंद करा.

दुसरी : अक्षरं. एक्सकोडच्या स्कीममध्ये (ॲप चालवण्याच्या मांडणीत) रन, ऑप्शन्स, ॲप लँग्वेज मराठी आणि रीजन भारत लावा, फोनची भाषा बदलायची गरज नाही. मग पडद्यावर हे शब्द आणा : ‘दुसऱ्या’, ‘सुट्ट्या’, ‘कीर्ती’, ‘हृदय’. ठरावीक उंचीच्या चौकटीत वरची वेलांटी आणि रफार कापले जातात, खाली ऋकार. सिस्टिमचा कोहिनूर देवनागरी सांभाळून घेतो, पण स्वतःचा फाँट टाकला असेल तर ‘दुसऱ्या’मधला अर्धा र नीट येतो का ते डोळे फाडून बघा. हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेल्या काही फाँटात तो नसतोच. ल आणि श ची मराठी वळणंही भाषा कळवल्याशिवाय येत नाहीत. दर बीटाला हे चार शब्द बघायला दोन मिनिटं लागतात.


नुकताच_आलोय

ताई, फाउंडेशन मॉडेल्स (ॲपलचं एआय मॉडेल वापरायची सोय) मराठी ॲपमध्ये वापरता येईल का? फुकट आहे म्हणतात.


आदिती_ळ

फुकट आहे, कारण मॉडेल फोनवरच चालतं, दर विनंतीला बिल नाही. पण २०२५ च्या भाषांच्या यादीत मराठी नव्हती. फोनही आयफोन १५ प्रो किंवा पुढचा लागतो, आपल्याकडची बरीच गिऱ्हाइकं त्याच्या मागे आहेत. आणि सूचना, मजकूर, उत्तर मिळून मर्यादा ४०९६ टोकनांची (म्हणजे शब्दांच्या तुकड्यांची). देवनागरीला टोकन जास्त लागतात, त्यामुळे ती लवकर भरते. ॲपचा मुख्य भाग त्यावर उभारू नका. उपलब्धता तपासून, नसेल तेव्हा बटणच दिसणार नाही अशी जोडणी करा. राखाडी बटण दाखवलं की ‘चालत नाही’ म्हणून एक तारा मिळतो.


ताक_आणि_टेस्टफ्लाइट

आयक्लाउड वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा : बीटाची ब्रँच वेगळ्या बंडल आयडीने आणि क्लाउडकिटच्या (आयक्लाउडवर ॲपचा डेटा ठेवायची सोय) वेगळ्या कंटेनरने चालवा. क्लाउडकिटची रचना एकदा प्रॉडक्शनमध्ये गेली की त्यात भर घालता येते, काढता काही येत नाही. जूनच्या उत्साहात टाकलेलं ‘टेस्ट२’ नावाचं फील्ड जन्मभर तिथे राहतं.

टेस्टफ्लाइट (परीक्षकांना ॲप वाटायची ॲपलची सोय) : बीटा एक्सकोडचा बिल्ड स्टोअरला चालत नाही, पण टेस्टफ्लाइटला चालतो. घरचे परीक्षक १००, बाहेरचे १०,००० पर्यंत, आणि बाहेरच्यांसाठी आवृत्तीचा पहिला बिल्ड तपासणीतून जातो. बिल्ड ९० दिवसांत मरतो. हिशोब करा : १२ जूनला टाकलेला बिल्ड १० सप्टेंबरला बंद पडतो, म्हणजे ऐन लाँचच्या तोंडावर परीक्षकांच्या हातातलं ॲप उघडेनासं होतं. ऑगस्टच्या मध्यावर एक नवीन बिल्ड टाकायचाच, बदल असो वा नसो.


वॉटसनचा_वारस

कुणी ‘शेरलॉक’ झाल्याबद्दल, म्हणजे आपल्या ॲपचं काम ॲपलनेच फुकट देऊन टाकल्याबद्दल, बोललं नाही. २००१ च्या सुमारास मॅकवर वॉटसन नावाचं छोट्या कंपनीचं ॲप होतं. २००२ ला मॅकओएस १०.२ बरोबर आलेल्या ॲपलच्या शेरलॉक ३ या शोधसाधनाने त्याचं काम फुकट करून टाकलं. तेव्हापासून ‘शेरलॉक होणं’ हा शब्द. २०२४ ला पासवर्ड्स ॲप आणि मॅकच्या खिडक्यांची मांडणी, २०२५ ला स्पॉटलाइटमधला क्लिपबोर्ड इतिहास, यादी चालूच आहे.

त्या रात्री काय करू नये : किंमत उतरवू नये, सोशल मीडियावर रडू नये. पहिला बीटा टाकून ॲपलचं ते फीचर खरोखर वापरावं आणि एक कागद करावा : त्यात काय नाही? बहुधा जुन्या आयओएसवर ते नसतं, निर्यात नसते, शॉर्टकट्सची जोडणी नसते, ज्याला रोज चार तास तेच काम आहे त्याच्यासाठी काही नसतं. त्या कागदावरच्या पहिल्या तीन गोष्टी सप्टेंबरची आवृत्ती ठरवतात. कागद कोराच राहिला, तर मात्र नवीन ग्राहक येतील या आशेवर वर्ष घालवू नका. आहेत त्यांना सांभाळा आणि पुढचं ॲप सुरू करा.


कोकणी_कंपायलर

सप्टेंबर. आयफोनच्या कार्यक्रमानंतर लगेच आरसी (रिलीज कँडिडेट, जवळपास अंतिम आवृत्ती) येतो आणि तेव्हाच स्टोअर नव्या एसडीकेचे बिल्ड घेऊ लागतं. बहुतेकदा आठवडाभर मिळतो : २०२४ आणि २०२५ दोन्ही वेळा ९ सप्टेंबरला आरसी, रिलीज अनुक्रमे १६ आणि १५ ला. पण २०२० ला १५ सप्टेंबरला जाहीर करून १६ ला आयओएस १४ सोडलं. तेव्हा आठवड्याचा भरवसा धरू नका. कोड ऑगस्टअखेर गोठवा, आरसीच्या दिवशी फक्त बांधणी, एक खरी चाचणी आणि अपलोड. ‘मॅन्युअल रिलीज’ निवडा म्हणजे तपासणी पार पडून ॲप तयार बसतं. आधीच्या ग्राहकांसाठी ‘फेज्ड रिलीज’ : सात दिवसांत १, २, ५, १०, २०, ५०, १०० टक्के. तो फक्त आपोआप होणाऱ्या अपडेटला लागू आहे, स्टोअरमध्ये जाऊन हाताने घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी मिळतं. क्रॅश दिसला तर थांबवता येतो, मागे मात्र घेता येत नाही.

चित्रं आणि वर्णन जुलैतच करून ठेवा. ॲप स्टोअर कनेक्टमध्ये ‘फीचरिंग नॉमिनेशन’चा अर्ज असतो, किमान दोन आठवडे आधी द्यायचा, तीन महिने आधी दिला तर उत्तम. एकांड्या लोकांपैकी फार थोडे तो भरतात. विजेट, नवीन ओएसचं एखादं ठळक फीचर आणि ॲक्सेसिबिलिटीचं काम यांचा त्यात नेमका उल्लेख करा.


हिशेबनीस

पैशाचं थोडक्यात. स्मॉल बिझनेस प्रोग्रॅम आपोआप लागत नाही, अर्ज करावा लागतो. मागच्या वर्षी दहा लाख डॉलरच्या आत उत्पन्न असेल तर ॲपलचं कमिशन ३० ऐवजी १५ टक्के. लाँचच्या आधी करा, मंजुरीनंतरही तो लागू व्हायला वेळ जातो. ॲपलचा आर्थिक महिना आपल्या महिन्याशी जुळत नाही, आणि तो संपल्यावर पैसे यायला साधारण पाच आठवडे. सप्टेंबरच्या विक्रीचे पैसे दिवाळीच्या आगेमागे हातात पडतात, तेव्हा नवीन फोनचा हप्ता त्याआधीचा लावू नका. जीएसटीखालचं निर्यातीचं एलयूटी (हमीपत्र) दर एप्रिलला नवं लागतं. बाकी तुमच्या सीएला विचारा, फोरमवर करसल्ला घेऊ नये.

क्लायंटची कामं करणाऱ्यांनी करारात ‘वार्षिक ओएस तपासणी’ अशी वेगळी ओळ घालावी, एका मध्यम ॲपला आठ ते बारा तास धरून. ती नसेल तर सप्टेंबरात तीन क्लायंटचे फोन एकाच सकाळी येतात आणि तिघांनाही वाटतं की हे काम फुकट आहे.


नुकताच_आलोय

शेवटचा प्रश्न. आर्काइव्ह करायचं राहिलं आणि बीटा टाकून झाला, तर?


बिल्ड_फेल

तर आधी मॅकवर ‘मॅनेज बॅकअप्स’ उघडा. बीटा टाकल्यानंतर फोन मॅकला जोडून बॅकअप घेतला नसेल तर तिथे जुन्या आयओएसचा बॅकअप अजून असेल. आत्ताच आर्काइव्ह करा. मग चालू आयओएसची आयपीएसडब्ल्यू फाइल उतरवा, फोन रिकव्हरी मोडमध्ये न्या, ऑप्शन दाबून धरून ‘रिस्टोअर’ दाबा आणि ती फाइल द्या. नुसतं ‘अपडेट’ नाही, ‘रिस्टोअर’. फोन कोरा होतो, मग तो बॅकअप चढवा. आणि या सगळ्याच्या आधी व्हॉट्सॲपच्या चॅटचा बॅकअप तपासा.